गरुडाची ती गोष्ट आणि शाळेतली खरी घार



परिपाठात बोधकथा सांगायची म्हटली की गरुडाची एक गोष्ट हमखास येते. तुम्हीही ऐकली असेल, कदाचित सांगितलीही असेल. गरुडाची आई आधी घरट्यात मऊ पिसं अंथरते. पिल्लं मोठी झाली की ती पिसं काढून टाकते, म्हणजे खालचे काटे टोचायला लागतात. तरीही पिल्लू उडत नाही म्हटल्यावर आई त्याला उंच कड्यावरून सरळ ढकलून देते. पडता पडता पिल्लू पंख उघडतं आणि उडायला शिकतं. तात्पर्य : संकटाशिवाय कोणी घडत नाही. मग टाळ्या!

आमच्या शाळेत गेल्या मार्चमध्ये सहावीतल्या एका मुलीने ही गोष्ट अगदी हावभावासह सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि त्याच आठवड्यात मैदानाच्या कोपऱ्यातल्या नीलगिरीवरून एक घार खाली झेपावली आणि पाचवीतल्या एका मुलाच्या डोक्याला पंजा मारून गेली. ओरखडा छोटाच होता. जखम धुतली, डॉक्टरांना दाखवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला तो मोठ्या रुबाबात, कारण आख्ख्या वर्गाला त्याची गोष्ट ऐकायची होती.

पण त्याच्याबरोबर चार-पाच पालकही आले. म्हणणं एकच होतं, "मॅडम, ते घरटं काढून टाका. बांबूने पाडायला पाच मिनिटं लागतात."

मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. पिल्लाला कड्यावरून ढकलणारी आई आपल्याला आदर्श वाटते. तिच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो. आणि पिल्लासाठी माणसाच्या अंगावर धावून जाणारी खरी आई समोर आली की तिचं घरटं पाडायला निघतो. म्हणून आज हा लेख. शिकारी पक्षी आपली पिल्लं कशी वाढवतात, शहरात आणि गावात त्यांना काय काय सोसावं लागतं, आणि यात आपलं काम कोणतं, याबद्दल मला जे वाटतं ते तुमच्यापुढे मांडते.

आधी ती गोष्ट तपासू

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. कोणताही गरुड किंवा घार पिल्लाला कड्यावरून ढकलून देत नाही. घरट्यात मुद्दाम काटे ठेवत नाही. हे सगळं माणसाने रचलेलं आहे.

खरं काय होतं? पिल्लांचे पंख भरत आले की आई-वडील घरट्यात पूर्वीइतके वारंवार अन्न आणत नाहीत. कधी भक्ष्य घेऊन जवळच्या फांदीवर बसतात. भुकेलं पिल्लू ओरडतं, घरट्याच्या काठावर येतं, पंख फडफडवतं, मग शेजारच्या फांदीवर उडी मारतं. असं करता करता एक दिवस ते उडतं. त्यानंतरही आई-वडील त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. उडायला आलं म्हणजे शिकार करायला आली असं नाही ना! सायकल चालवायला आली म्हणून कोणी पाचवीतल्या मुलाला कमवायला पाठवतं का? पुढचे काही आठवडे पिल्लाला आयता घास मिळतो. हळूहळू तो कमी होतो आणि पिल्लू स्वतः शोधायला लागतं.

म्हणजे इथे धक्का नाही, धीर आहे. संत जनाबाईंच्या अभंगात घार येते ती पिल्लांकडे लक्ष असलेली आई म्हणून. त्यांनी घार नीट पाहिली होती असंच म्हणावं लागेल.

घारीचं वेळापत्रक

आपल्याकडे गावात, शहरात सगळीकडे दिसणारी तपकिरी घार तुम्हाला माहीत आहेच. उडताना शेपटी मध्यभागी खाच पडल्यासारखी दिसते, ही तिची खूण. भारतातल्या घारीच्या उपजातीचं शास्त्रीय नाव मोठं गोड आहे : 'गोविंदा'. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची नोंद केली, तेव्हाचं हे नाव. म्हणजे ही घार कागदावर आली तीसुद्धा आपल्याच मुलखातून.

थंडीच्या दिवसांत घारींच्या जोड्या जमतात. नर-मादी दोघं मिळून काटक्या आणतात. घरट्याच्या आतल्या बाजूला चिंध्या, कागद, लोकर, दोरे, प्लॅस्टिक, जे मिळेल ते पसरतात. मादी साधारण दोन किंवा तीन अंडी घालते. ती महिनाभर उबवावी लागतात. सगळी अंडी एकाच दिवशी घातली जात नाहीत आणि उबवणं आधीच सुरू झालेलं असतं, त्यामुळे पिल्लंही एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. एक मोठं, एक मधलं, एक धाकटं असा प्रकार होतो. अन्न भरपूर असेल तर तिन्ही वाढतात. कमी पडलं तर धाकटं मागे पडतं, बहुतेकदा तेच दगावतं. क्रूर वाटतं, पण घरट्यात किती जण वाढणार हे शेवटी अन्नावर ठरतं.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू म्हणजे पांढुरक्या लवेचा गोळा. त्याला ना ऊन सोसतं ना गारवा. आई त्याच्यावर बसून ऊब देते आणि दुपारी उन्हाकडे पाठ करून, पंख थोडे पसरून त्याच्यावर सावली धरते. मार्च-एप्रिलच्या उन्हात! मांसाचे बारीक तुकडे करून ती एकेक चोचीत भरवते. पिल्लं सहा-सात आठवडे घरट्यात राहतात.

आता हिशेब करा. महिनाभर अंडी, दीड-पावणेदोन महिने घरट्यातली पिल्लं. म्हणजे जवळजवळ तीन महिने. त्यानंतरचे 'उडतोय पण शिकतोय' असे काही आठवडे वेगळेच. हा तीन महिन्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि बाबा काय करतात?

वर्गात हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. शिकारी पक्ष्यांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते. आपण सहसा उलटं गृहीत धरतो ना? बऱ्याच जातींमध्ये कामाची वाटणी ठरलेली असते. मादी अंड्यांवर बसते, लहान पिल्लांपाशी थांबते. नर शिकार करून आणतो, तिच्यासाठीही आणि पिल्लांसाठीही.

शेतावर राहणाऱ्या मुलांनी कापशी पाहिली असेल. पांढरी-करडी, खांद्यावर काळा पट्टा, लाल डोळे. शेतावर एका जागी पंख हलवत हवेत टांगल्यासारखी थांबते आणि मग खाली उतरून उंदीर उचलते. कापशीची मादी अंड्यांवर असते तेव्हा हा नर उंदीर आणून तिला देतो. शिक्र्याच्या घरट्यातही असंच चालतं. घारीत दोघंही उबवण्याच्या आणि भरवण्याच्या कामात असतात, तरी घरट्यात जास्त वेळ मादीच दिसते.

रात्रीच्या शिकाऱ्यांचंही तेच. पांढऱ्या, बदामी चेहऱ्याचं गव्हाणी घुबड जुन्या इमारतीत, देवळाच्या शिखरात, पडक्या वाड्यात अंडी घालतं. घारीपेक्षा जास्त, चार ते सात सुद्धा. मादी घरात, नर रात्रभर उंदरांच्या मागे. या पिल्लांबद्दल एक फार सुंदर गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासातून समोर आली आहे. थोरलं पिल्लू कधी कधी आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्याला देतं! परिपाठात सांगायला गोष्टच हवी असेल तर ही सांगा. खरी आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट समजते. वाढीच्या दिवसांत जोडीतला एक जण गेला तर घर मोडतं. नर मेला तर मादीला अंडी सोडून शिकारीला जावं लागतं. मादी गेली तर लहान पिल्लांना ऊबही नाही आणि भरवणारंही नाही. एक घार मेली म्हणजे एकच घार मेली असं नसतं.

शहरातली घार : पोट भरलेलं, जीव टांगणीला

शहरात घारीला खायला मिळतं. कचराकुंड्या, मटणाच्या दुकानांचा टाकाऊ भाग, मासळीबाजार, उंदीर-घुशी. दिल्लीत घारी इतक्या दाटीने राहतात की शिकारी पक्ष्यांची अशी गर्दी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. जुन्या दिल्लीत घारींना मांसाचे तुकडे उडवून भरवण्याची लोकांची जुनी पद्धतही आहे. त्यामुळे तिथल्या घारींना अन्न आणि माणूस दोन्ही रोजचे झाले आहेत.

दिल्लीतल्या घारींवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. घार घरट्याजवळ माणसावर का झेपावते, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यातून दिसलं की जिथे माणसांची वर्दळ, कचरा आणि माणसाकडून मिळणारं अन्न जास्त, तिथल्या घारी घरट्याचं रक्षण जास्त आक्रमकपणे करतात. म्हणजे ती वेडी झालेली नसते. सतत माणसांजवळ राहून तिची भीड चेपलेली असते आणि त्याच वेळी घरट्यात जपण्यासारखं काहीतरी असतं. पिल्लं नसताना तीच घार त्याच झाडावर बसून आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आमच्या शाळेतही तिचं सगळं धावून येणं त्या एका कोपऱ्यापुरतं होतं आणि काही आठवड्यांपुरतं होतं.

मग शहरातल्या घारीला धोका कशाचा? तिला भुकेने मारणारं शहर नाही. तिला मारतं ते आपलं सामान.

पहिलं म्हणजे मांजा. जानेवारीत संक्रांतीला पतंग उडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घारींच्या जोड्या घरटं बांधत असतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पंख कापलेली घार पुन्हा उडाली नाही तर तिच्यामागे घरटंही संपतं. झाडावर लटकणारा दोरा तुटून पडत नाही, वर्षभर तसाच राहतो. आणि घरट्यात दोरे-चिंध्या आणण्याची घारीला सवय आहे. तिने मऊ अंथरूण म्हणून आणलेल्या दोऱ्यात तिच्याच पिल्लाचा पाय अडकू शकतो.

दुसरं म्हणजे झाडांची छाटणी. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या छाटतात. ते गरजेचंच आहे. पण ही छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे पिल्लं घरट्यात असतात किंवा नुकती फांदीवर आलेली असतात तेव्हा. करवत चालवण्याआधी वर मान करून पाहायला कितीसा वेळ लागतो?

गावाकडे सगळं छान असतं?

शहर वाईट आणि गाव चांगलं, असं लिहून निबंध संपवायची आपल्याला सवय आहे. पण इथे ते खरं नाही.

या शाळेत येण्याआधी मी बरीच वर्षं एका खेड्यातल्या शाळेत होते. तिथल्या जुन्या खोलीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्लं होती. रात्री त्यांचा फुस्स-फुस्स आवाज यायचा. गावात बोलणं सुरू झालं, कोणी म्हणे नाग आहे, कोणी म्हणे भूत. खरी गोष्ट कळली तेव्हा तर लोक जास्तच घाबरले. घुबड म्हणजे अपशकुन! माळा धुरवून पिल्लं हुसकावायची असं ठरत होतं. तेवढ्यात शाळेसमोर राहणारे एक आजोबा आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कणगीतला दाणा कोण खातं, घुबड का उंदीर?" विषय तिथेच मिटला. पिल्लं मोठी होऊन उडून गेली. नंतर माळ्यावरून आम्ही घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्या गोळा केल्या. पाण्यात भिजवून सोडवल्या तर आत उंदरांची हाडं, जबडे, दात! विज्ञानाचा असा तास मी पुन्हा कधी घेतला नाही.

पण गावातला मोठा धोका अंधश्रद्धेपेक्षा गुपचूप येतो. तो घासातून येतो.

उंदीर मारायला शेतात आणि गोदामात विषारी वड्या ठेवतात. त्यातलं ब्रोमॅडिओलोनसारखं औषध उंदराचं रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन, लडखडत हिंडतो. आता कापशीच्या किंवा घुबडाच्या बाबांच्या नजरेने पाहा. घरट्यात चार पिल्लं भुकेली आहेत आणि समोर एक उंदीर आहे, जो पळूच शकत नाही. कोणता बाप तो सोडेल? तो आनंदाने उचलतो आणि घरी नेतो.

इथेच मला थांबावंसं वाटतं. त्या बापाने काही चूक केली का? नाही. त्याने जे करायचं तेच केलं, उलट लवकर केलं. तरी त्याने आपल्या पिल्लांना विष नेऊन दिलं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. गिधाडांच्या बाबतीत आपण हे डोळ्यांदेखत घडू दिलं. गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. आई-वडील आळीपाळीने जवळजवळ दोन महिने ते उबवतात. पिल्लाला आपल्या गळ्याच्या पिशवीतून आणलेलं अन्न भरवतात. असं पिल्लू तीन महिन्यांच्या वर घरट्यात असतं. इतकी काळजी! पण १९९० च्या दशकात गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक सर्रास दिलं जाऊ लागलं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण २००४ मध्ये उघड झालं, जनावरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. ज्या गावात आजोबांनी हाळाच्या झाडावर गिधाडांची रांग पाहिली, तिथल्या नातवाला गिधाड फक्त चित्रात दिसतं.

गिधाडांची माया कमी पडली का हो? मुळीच नाही. कमी पडली ती आपली खबरदारी.

मग माझं म्हणणं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. शहरातली घार असो की शेतावरची कापशी, माळ्यावरचं घुबड असो की कड्यावरचं गिधाड, आई-वडील म्हणून ते आपलं काम पूर्ण करतात. शहरात कमी आणि गावात जास्त, असा मायेत फरक नाही. फरक आहे तो आपण त्यांच्या वाटेत काय ठेवतो यात. शहरात मांजा आणि करवत ठेवतो, गावात विष आणि अपशकुन ठेवतो. या गोष्टींपुढे कोणत्याही आईची माया चालत नाही. घारीला साप कळतो, कावळा कळतो, माकड कळतं. उंदराच्या पोटातलं विष तिला कळत नाही.

म्हणून पक्ष्यांच्या वात्सल्याचं नुसतं कौतुक करणारे निबंध मला आता अपुरे वाटतात. मीच मुलांकडून असे कितीतरी लिहून घेतले आहेत. 'आई ही आईच असते' असं शेवटचं वाक्य लिहिलं की आपलं काम संपतं. पण त्या आईला आपलं कौतुक नको आहे. तिला तीन महिने एक झाड आणि स्वच्छ घास हवा आहे.

"पण मुलाच्या डोळ्याला लागलं असतं तर?"

हा प्रश्न त्या दिवशी एका आईने मला विचारला. तिचा राग मला समजला, कारण तीसुद्धा तेच करत होती जे घार करत होती. आपलं पिल्लू जपत होती. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घारीचा पंजा धारदार असतो, डोळ्याला लागू शकतो. शाळेत मुलाची सुरक्षा पहिली, याबद्दल माझं दुमत नाही.

पण मुलाला वाचवायला घरटं पाडावंच लागतं का? मुलगा चालू शकतो, घरटं चालू शकत नाही. मग हलायचं कोणी?

शिवाय कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घार, शिक्रा, घुबड, गिधाड हे सगळे संरक्षित आहेत. त्यांना मारणं, पिल्लं उचलणं, घरटं किंवा अंडी नष्ट करणं हा गुन्हा आहे. 'पाच मिनिटांचं काम' वाटतं ते एवढं सोपं नाही.

मुख्याध्यापकांनी पालकांना बसवून घेतलं. चर्चा झाली, थोडी वादावादीही झाली. शेवटी ठरलं ते असं : नीलगिरीभोवती दोरी बांधून तो कोपरा बंद करायचा. परिपाठ दुसऱ्या बाजूच्या शेडमध्ये घ्यायचा. पोषण आहाराची ताटं त्या बाजूला न्यायची नाहीत आणि उष्टं उघड्यावर टाकायचं नाही. त्या बाजूने जावंच लागलं तर डोक्यावर छत्री धरायची. आणि छाटणी करणाऱ्यांना पत्र द्यायचं, की हे एक झाड पिल्लं उडाल्यावर घ्या.

एवढ्याने भागलं. त्यानंतर एकाही मुलाला ओरखडा आला नाही. शिपाई मामा मात्र एकदा छत्री विसरले आणि टोपी गमावून बसले. ती टोपी दोन दिवस फांदीवर होती. मुलांना परीक्षेच्या दिवसांत तेवढीच करमणूक!

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक पिल्लू खाली आलं. भिंतीजवळ, पंख अर्धवट पसरून, चोच उघडी ठेवून बसलेलं. मुलं खोकं घेऊन धावली. "बाई, आईने टाकून दिलंय, आपण पाळू या." मी त्यांना व्हरांड्यात थांबवलं आणि म्हटलं, फक्त बघायचं. अर्धा तास गेला, काही झालं नाही. मलाही धाकधूक वाटायला लागली होती. मग आई आली. आधी कुंपणावर बसली, मग खाली उतरली, काहीतरी टाकून परत वर गेली. संध्याकाळपर्यंत पिल्लू उड्या मारत मारत कुंपणावर आणि तिथून खालच्या फांदीवर पोचलं होतं. आम्ही खोक्यात घातलं असतं, तर आईकडून त्याला आम्हीच तोडलं असतं.

१ मे ला झेंडावंदनाला आलो तेव्हा दोन्ही पिल्लं पाण्याच्या टाकीवर बसलेली होती. दोरी मी त्यानंतर पंधरा दिवसांनी सोडली. ज्या आईने मला प्रश्न विचारला होता, ती निकाल घ्यायला आली होती. टाकीकडे बघून म्हणाली, "मॅडम, किती मोठी झाली हो!" मला एवढंच पुरलं.

आता तुमची पाळी

मित्रांनो, हे वाचून झाल्यावर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा आणि घरीही सांगा.

१. खाली बसलेलं प्रत्येक पिल्लू टाकून दिलेलं नसतं. ते जखमी दिसत नसेल, तर लांबून पाहा आणि थांबा. कुत्र्या-मांजराचं भय असेल तर मोठ्या माणसांच्या मदतीने जवळच्या उंच जागी ठेवा, म्हणजे आई-वडिलांना दिसेल. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी नेऊन दूध-पोळी मुळीच भरवू नका. शिकारी पक्ष्याचं ते अन्नच नाही.

२. घार झेपावत असेल तर दगड मारू नका. वाट बदला. ती कायमची नाही, काही आठवड्यांची गोष्ट आहे.

३. नायलॉन मांजा घेऊ नका. मित्राने घेतला तर त्याला सांगा. संक्रांत झाल्यावर झाडांवर, तारांवर लटकणारे दोरे दिसले तर मोठ्यांना सांगून काढायला लावा. विजेच्या तारांना मात्र स्वतः हात लावायचा नाही.

४. सोसायटीत किंवा शाळेत छाटणी ठरली असेल तर आधी झाडं पाहून या. घरटं असेल तर ते झाड नंतर घ्यायला सांगा.

५. घरात, शेतात उंदरांसाठी विषाऐवजी पिंजरा, चापळा वापरता येतो का ते विचारा. धान्य बंद कोठीत ठेवलं तर उंदीर मुळातच कमी होतात. विष घातलंच असेल, तर मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता खोल पुरायचे.

६. घुबड दिसलं तर घाबरू नका. त्याला आपल्या नशिबात काडीचाही रस नाही, फक्त उंदरात आहे.

७. आणि शिक्षकांनो, ती कड्यावरून ढकलणारी गोष्ट आता पुरे. मुलांना कष्टाचं महत्त्व सांगायला खोट्या गोष्टीची गरज नाही. भर उन्हात पिल्लांवर पंखांची सावली धरून उभी राहणारी घार शाळेच्या झाडावरच आहे. मुलांना खिडकीपाशी न्या आणि दाखवा.

यंदा थंडीत एक उपक्रम करून बघा. शाळेच्या किंवा घराच्या आसपास घारीची जोडी काटक्या नेताना दिसली की वहीत तारीख लिहा. लांबूनच पाहायचं, झाडावर चढायचं नाही. अंड्यांवर कधी बसली, पिल्लू पहिल्यांदा कधी दिसलं, उडालं कधी, मध्ये छाटणी आली का, मांजा अडकला का, सगळं लिहायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वही उघडा आणि 'आमच्या झाडावरची घार' असा निबंध लिहा. मुद्दे पाठ करावे लागणार नाहीत.

आमच्या नीलगिरीवरचं जुनं घरटं अजून तसंच आहे. घारी पुष्कळदा त्याच घरट्याची डागडुजी करून पुन्हा वापरतात. दोरी मी कपाटात जपून ठेवली आहे.